टोपीवालीचा टाक

नवं लुगडं नेसायच्या आधी गोजरबाईनं त्याचा पदर गळ्यातल्या चांदीच्या टाकाला टेकवला आणि म्हणाली, "तू आधी नेस, चंद्रव्वा. मग मी नेसते."

चंद्रव्वा म्हणजे आबासाहेबांची पहिली बायको. अक्कलकोटाकडची, कानडी बोलणारी, पहिल्याच बाळंतपणात गेलेली. तिच्या मागं गोजरबाई या घरात आली तेव्हा सासूनं आधी सवतीचा टाक तिच्या गळ्यात बांधला आणि मगच तिला उंबऱ्याच्या आत घेतलं. रुपयाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली एक उभी बाई. आमच्याकडे दुसरेपणावर दिलेल्या बाईनं तो घालायचाच. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, सणाचा पहिला घास तिच्या नावानं काढायचा, म्हणजे गेलेली बाई रुसत नाही. गोजरबाईनं सुरुवातीला तो भीतीपोटी घातला. पुढं सवय झाली. आता खरं विचाराल तर या घरात तिचं सगळ्यात जास्त बोलणं चंद्रव्वाशीच होतं. आबासाहेबांशी काय बोलणार, ते स्वतःच बोलत असतात.

बाहेर माणसं जमायला लागली होती. मंद्रूपची जमीन विकून आबासाहेबांनी जुळे सोलापुरात बंगला बांधला, त्याला आता बरीच वर्षं झाली. भावकीचे देवही त्यांच्याबरोबर शहरात आले. हॉलच्या भिंतीत संगमरवरी देव्हारा केला, वरच्या पायरीवर बिरोबा आणि खालच्या पायरीवर घराण्यातल्या गेलेल्या माणसांचे टाक. आबासाहेबांचा थोरला चुलता येडू तिथं होता, येडूची बायको बजाबाई होती. त्या दोघांचा मुलगा सिदू आज तिथं बसायचा होता. सिदूला जाऊन वर्ष झालं होतं, आणि वर्ष झालं की आमच्यात माणूस देवात बसतो.

सकाळी तरी सगळे असंच धरून चालले होते.

*

सिदूच्या थोरल्या मुलानं, जोतिरामनं, सोनाराकडून आणलेला टाक लाल फडक्यातनं काढला आणि पाटावर ठेवला. सोनाराकडे ठसा होता घोडेस्वाराचा. जोतिरामनं हट्टानं काठी आणि मेंढरू घालून नवा करून घेतला होता, कारण सिदू जन्मात कधी घोड्यावर बसला नव्हता.

"आबा, भंडारा लावा," जोतिराम म्हणाला.

भावकीतला वडीलधारा माणूस भंडाऱ्याची हळद लावून टाक देव्हाऱ्यात ठेवतो. त्याच्या हातानं ते होत नाही तोवर टाक म्हणजे नुसता चांदीचा तुकडा. आबासाहेब भंडाऱ्याचं ताट पुढ्यात घेऊन बसले होते, पण त्यांनी हात पुढं केला नाही.

"बस जरा," ते म्हणाले. "एक बोलायचं हाय. आज गप बसलो तर देवापुढं मलाच उत्तर द्यावं लागंल."

जोतिराम बसला. त्याच्या शेजारी धाकटा भाऊ सयाजी होता, पहाटेच्या एसटीनं अकलूजहून आलेला. साखर कारखान्यातली रजा कशीबशी मिळाली होती आणि संध्याकाळी त्याला परतायचं होतं. भिंतीकडेला भावकीतली म्हातारी माणसं टोप्या मांडीवर ठेवून बसली होती. आबासाहेब काय बोलणार हे त्यांना ठाऊक असावं, कारण सगळ्यांनी एकदमच खाली बघितलं.

"सिदू माझा चुलतभाऊ," आबासाहेब म्हणाले. "त्येच्या तिरडीला मी खांदा दिलाय. कवा त्येला टाकून बोललो असंन तर जीभ झडू दे. पर देवात बसवायचं म्हंजे वंशात बसवायचं. आन् सिदू आपल्या वंशातला हाय का न्हाय, ते माझ्या बापाला बी ठावं नव्हतं आन् मला बी न्हाय."

"आबा, काय बोलताय तुमी?" सयाजी म्हणाला.

"जे सगळी पाठीमागं बोलत्यात तेच तोंडावर बोलतोय. येडूकाका एडनला गेला. बजाकाकी तितं सायबाच्या घरात आया हुती. परत आली ती गळ्यात सवतीचा टाक घालून. टाकावर कोन? टोपी घातलेली मडम. आता बाई सवतीचा टाक कवा घालती, सांग मला. सवतीचा नवरा तिचा नवरा झाला तवाच की. आन् कडंवर सिदू. घाऱ्या डोळ्यांचा."

जोतिरामला हे नवं नव्हतं. मंद्रूपच्या बाजारात पेंडेची पोती उतरवताना त्यानं लहानपणी ऐकलं होतं, सायबाचं पोर आलं बघ. बाप पुढं चाललेला असायचा. घोंगडं एका खांद्यावरनं दुसऱ्या खांद्यावर घ्यायचा आणि तसाच चालत राहायचा. त्यानं कधी कुणाला उत्तर दिलं नाही, घरीही कधी तो विषय काढला नाही. शेवटच्या आजारात मात्र एकच सांगून गेला, मला माझ्या आईजवळ ठेवा.

आई देव्हाऱ्यात खालच्या पायरीवर होती, हातभर अंतरावर.

"जाऊ दे दादा," सयाजी उठायला लागला. "आपन आपल्या घरात येगळा देव्हारा करू. कशाला पायजे ह्यांची मेहरबानी?"

"येगळा केला की ह्यांचंच खरं ठरलं," जोतिराम म्हणाला. "आन् आजीला कसं नेणार? ती तर हितंच हाय की." मग तो आबासाहेबांकडे वळला. "केराआत्या एडनला हुती. तिला इचारा."

आबासाहेबांनी मान हलवली. त्यांनाही तेच पाहिजे असावं. "बोलव," ते म्हणाले. "केराक्का भंडारा उचलून, देवाच्या शपथेवर, जे सांगंल ते मला मान्य. तिच्यावर माझा इस्वास हाय."

*

केराबाई स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसून लसूण सोलत होती. ती सिदूची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी परत आली, भावाजवळ राहिली आणि आता भाच्याजवळ राहत होती. वय पंच्याऐंशीच्या पुढं. बाहेरचं सगळं बोलणं तिनं ऐकलं होतं आणि हातातला लसूण संपवूनच ती उठली.

जोतिरामच्या मुलीनं, पूनमनं, तिला दंडाला धरून हॉलमध्ये आणलं. पूनम सोलापुरातच औषधाच्या दुकानात नोकरी करते. बजाबाईच्या मागं टोपीवालीचा तो टाक काळ्या दोऱ्यात केराआज्जीच्या गळ्यात आला होता आणि पूनम लहानपणी त्याच्याशी खेळलेली. बाकीच्यांच्या देवांच्या डोक्यावर मुकुट, आणि आपल्या आज्जीच्या देवीच्या डोक्यावर टोपी, याचं तिला तेव्हा फार कौतुक वाटायचं. त्या टोपीपायी घरातल्या माणसांनी किती ऐकून घेतलंय हे तिला आज पहिल्यांदा उघड कळत होतं.

आबासाहेबांनी भंडाऱ्याचं ताट पुढं केलं. "अक्का, चिमूटभर उचल आन् सांग, सिदू येडूकाकाचा. मी आत्ताच्या आत्ता बसवतो."

"मला तर बसू दे आधी," केराबाई म्हणाली.

ती पाटाशेजारी भिंतीला टेकून बसली. सिदूचा टाक तिनं डोळ्यांजवळ धरून बघितला, मेंढरावरनं बोट फिरवलं आणि परत ठेवला. मग ताटातनं चिमूट उचलून कपाळाला लावली.

"मी जे बगितलं त्येच्यावर उचलते," ती म्हणाली. "आयका."

*

एडन म्हणजे नुसता काळा दगड, असं ती सांगू लागली. झाड नाही, गवत नाही. प्यायचं पाणी समुद्राचं उकळून काढायचं आणि मोजून वाटायचं. बाप खेचरांच्या पलटणीबरोबर तिथं गेला. पलटण परतली, बाप राहिला, कारण कोळशाच्या कंपनीच्या साहेबाला शेळ्या राखायला माणूस पाहिजे होता आणि धनगराशिवाय ते कुणाला जमणार? मग त्यानं बायकोला आणि केराला बोटीनं बोलावून घेतलं. सिदूचा जन्म तिथलाच.

"गवातच न्हाय म्हटल्यावर शेळ्यांना वाळली मासळी घालायची," केराबाई म्हणाली. "त्येंच्या दुधाला बी तसलाच वास. सायेब नाक दाबून प्यायचा. मडम शिवायची बी न्हाय."

भिंतीकडचा एक म्हातारा हसला आणि लगेच गप्प झाला.

"ती सगळी सायेबलोकं म्हंजे बोटीची वाट बगनारी. सकाळी उटली की दुर्बीण. विलायतेची डाक आली की मडमा हातमोजे घालून क्लबात, आन् न्हाय आली की डोकं दुखतंय म्हनून खोलीत. अंगुळीचं पानी कुंड्यांना घालायचं, तवा दोन फुलं यायची. त्या फुलांसाटी भांडनं. आमच्या मडमेकडं मोठा बाजा हुता, पेटीवानी पर कपाटायेवडा. उन्हानं तडकलेला. त्येचे काही सूर उटायचेच न्हाईत. तरी ती रोज वाजवायची आन् जितं सूर न्हाय तितं तोंडानं म्हनायची."

केराबाईनं तो सूर म्हणून दाखवला नाही. पण तिचे ओठ क्षणभर तसे झाले, ते पूनमनं बघितलं.

"तिचं पोरगं सहा वर्साचं झालं तवा विलायतेला धाडलं, शाळंला. समद्यांचीच धाडायची, रीत हुती तितली. बोट दिसंनाशी झाली तरी ही गच्चीवर उभीच. त्या दिवसापासनं मला जवळ बसवायला लागली. बटन लावायला तिनं शिकीवलं. म्हनायची, मला मडम म्हनू नको, एलन म्हन. मी म्हटलं आन् त्यापायी आईचा मार खाल्ला."

"अक्का, आपला मुद्दा..." आबासाहेब म्हणाले.

"मुद्द्यावरच हाय मी. भंडारा लावलाय, मदीच कसं सोडू?"

आबासाहेबांनी हात मांडीवर घेतले.

"मडम तापानं गेली. सकाळी बोलत हुती, सांजंला पुरली. तितं खड्डा करायचा तर खडकाला सुरुंग लावावा लागतो. सुरुंग उडाल्याचा आवाज आमी शेळ्यांच्या गोठ्यात आयकला आन् आई म्हनाली, झालं. मग लई दिवस आईला एकच घोर. म्हनायची, ही आता ऱ्हानार कुटं? नवरा बदलीचा. पोरगं विलायतेत. बंदरात कुनाचं कायमचं घर न्हाय, आज ना उद्या सगळी बोटीत बसून जानार. हिच्या नावानं घास कोन काडनार?"

साहेब रजेवर गेला आणि परत येताना दुसरी बायको घेऊन आला. ती कोवळी होती. आल्यापासनं तिला उलट्या, रडणं. त्या बाज्याचा आवाज येतो म्हणायची, झाकण लावलेलं असताना. बाकीच्या मडमा म्हणाल्या, नवीन आहे, उन्हानं होतं असं. बजाबाईला त्याचं कारण सरळ दिसत होतं. आधीच्या बाईला मान दिलेला नव्हता, विचारलेलं नव्हतं.

"आईनं पायातलं वाळं मोडलं," केराबाई म्हणाली. "गावात यहुदी सोनार बसायचे, लांब कल्ल्यांचे. टाक म्हंजे काय त्या बाबाला काय ठावं? आईनं हातानं दाखीवलं, बाई काड. त्यो म्हनाला कसली बाई? आई म्हनाली मडम. म्हनून त्येनं टोपी काडली. आईनं त्यो टाक हळदीत ठिवला, नारळ फोडला आन् दुसरीच्या गळ्यात बांदला."

"मडमेच्या गळ्यात?" सयाजीनं विचारलं.

"मग कुनाच्या? सवत तिची हुती की. तिला वाटलं आयाबाईनं दागिना दिला. आईच्या गळ्यात पडून हसली. आन् आता मी खरं तेच सांगते, ती झोपायला लागली. खायाला लागली. बाज्याचं झाकन उगडून पुसून घेतलं तिनं. आमाला वाटलं, बसली एलन आपल्या जागी."

मग एका संध्याकाळी क्लबात पुण्यात राहून आलेल्या एका म्हाताऱ्या मडमेनं तो टाक ओळखला. त्याचा अर्थ तिनं सगळ्यांपुढं हसत सांगितला. दुसरी मडम घरी आली ती पांढरीफटक पडलेली. तिनं टाक काढून बजाबाईच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, येत्या बोटीनं जा.

"शिव्या दिल्या न्हाईत. काय न्हाय. नुसतं जा म्हनाली," केराबाई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सायेब गोठ्याकडं आला. माज्या बापाजवळ खाली बसला, भुईवर. टाक मागितला. लई येळ बगत ऱ्हायला. म्हनाला, असली टोपी तिनं कवाच घातली न्हाय. आन् मग रडायला लागला. माज्या बापानं त्येच्या पाठीवर हात ठिवला. सिदू तितंच रांगत हुता, शेळीचे कान वडत. हे मी ह्या डोळ्यांनी बगितलं."

कूकरची शिट्टी झाली आणि आत कुणीतरी गॅस बारीक केला.

"टाक एकदा बसवला की भुईवर ठेवता येत न्हाय. आईनं बोटीवर त्यो आपल्या गळ्यात घातला. बाप म्हनाला, बजे, गावात काय म्हनतील ठावं हाय का? आई म्हनाली, म्हनू दे. म्हनून म्हनून थकतील. पर हिला मी कुटं ठिवू?" केराबाईनं आबासाहेबांकडे बघितलं. "अजून थकला न्हाईत तुमी."

*

आबासाहेबांचा चेहरा उतरला होता. ते वाईट माणूस नाहीत, हे सांगायला पाहिजे. पण बापानं मरताना कानात घातलेलं एखादं वाक्य माणूस जन्मभर सांभाळत राहतो, आणि त्यांच्या बापानं हेच घातलं होतं.

"अक्का, हे सगळं खरं असंल," ते म्हणाले. "न्हाय म्हनत न्हाय मी. पर जे इचारलं ते ऱ्हायलंच की. सिदू येडूकाकाचा, येवडं भंडाऱ्यावर सांग. एक वाक्य. मग कुनाची टाप हाय बोलायची?"

केराबाईनं ताटाकडे बघितलं. "ते न्हाय सांगनार."

"का?"

"तुझ्या आईसाटी कुनी उचललाय का भंडारा?"

आबासाहेबांनी ताट जरा मागं घेतलं.

"न्हाय ना? ह्या देव्हाऱ्यात येवडी बसल्यात, कुनाच्या आईसाटी उचललाय? मग माज्याच आईच्या अंथरुनावर कशापायी टाकू? मी उचलला तर इचारायसारखं काय तरी हुतं, आसं हुईल. माजी आई तितं बसलीया, ती आयकतीय." तिनं देव्हाऱ्याकडे हात केला. "न्हाय उचलनार."

"आत्या," जोतिराम पुढं सरकला, "चिमूटभर हळद हाय नुसती."

"तुला नुसती हाय."

"आगं, बापानं एवढंच मागितलं हुतं. आईजवळ ठेवा म्हनाला. तुज्या एका वाक्यावर आलंय सगळं." त्याचा आवाज चढला. "येवडं सगळं सांगितलंस, एलन काय आन् बाजा काय. त्या टोपीवालीसाटी बोलाय येतं तुला. सख्ख्या भावासाटी न्हाय येत."

केराबाईनं डोळे मिटले. सयाजीनं भावाचा हात धरला, पण तोही आत्याकडे बघत नव्हता. दोघा भावांत मघाशी जी फट पडली होती ती आता बुजली होती, आणि म्हातारी एकटी पडली होती.

"आप्पा, बस करा," पूनम म्हणाली. मघाशी स्वयंपाकघरात तीच आज्जीला म्हणाली होती, उचल आणि मोकळी हो. आता ती आज्जीला चिकटून बसली. "ती बरोबर बोलतेय. उद्या माझ्याबद्दल कुणी विचारलं तर तुम्ही ताट धराल का माझ्यापुढं?"

जोतिराम मागं सरकला. भिंतीकडचा एक म्हातारा हळूच म्हणाला, "उचलला न्हाय म्हंजे समजायचं ते समजलं." त्यानं टोपी डोक्यावर ठेवली. दुसऱ्यानंही ठेवली.

आबासाहेबांनी लाल फडकं उचललं आणि सिदूचा टाक त्यात परत गुंडाळायला लागले. ते काम त्यांनी फार हळू आणि नीट केलं. मेल्या माणसाच्या अंगावर चादर ओढावी तसं.

"चल पूनम," केराबाई म्हणाली. "मला घरी ने." उठताना तिनं गळ्यातला टाक मुठीत धरला होता. "सिदूचं मी बगीन. मी गेल्यावर सिदूला भेटंन तवा सांगीन त्येला, आईपायी ऱ्हायलास बाहेर. त्यो समजून घील. पर हिचं काय करू? माज्या मागं हिला कोन घालंल?"

*

गोजरबाई स्वयंपाकघराच्या दारात सगळा वेळ उभी होती. सासरच्या देवापुढं, पुरुषमाणसं बसलेली असताना, ती या घरात कधी बोलली नव्हती. बोलायची गरज पडली तर ती चंद्रव्वाला सांगायची आणि तिथंच ते थांबायचं. आताही तिचा हात गळ्याशी गेला होता.

तिला आठवत होतं, लग्नानंतर पहिल्या वर्षी ती या टाकाला किती घाबरायची. रात्री तो पाठीमागं सरकवून झोपायची. मग तिच्या पोटात पहिलं पोर आलं तेव्हा एकदा अंघोळीला बसली असताना तिच्या मनात आलं, ही पण अशीच बसली असंल, असंच पोट धरून, आणि मग गेली. त्या दिवसापासनं भीती गेली. पुढं तिला तीन मुलं झाली. प्रत्येकाची पहिली अंघोळ तिनं चंद्रव्वाला दाखवली. हे आबासाहेबांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं, टाक म्हणजे आपली पहिली बायको दुसरीच्या गळ्यात.

तिनं पदराला हात पुसले आणि हॉलमध्ये आली.

"अक्का, थांबा," ती म्हणाली. "काडा तो."

"काय?"

"टाक काडा. माज्याकडं द्या."

केराबाईला कळेना. पण तिनं मान वाकवली, पूनमनं दोरा सोडवला, आणि गोजरबाईनं तो सगळ्यांसमोर आपल्या गळ्यात बांधला. मुकुटवाली चंद्रव्वा आणि टोपीवाली एलन तिच्या नव्या लुगड्यावर शेजारी शेजारी आल्या.

आबासाहेब उठून उभे राहिले. "गोजर, काय चालवलंयस? काड ते."

"का काडू?"

"आगं, लोकं काय म्हनतील?"

"म्हना की. तुमीच म्हना आधी." ती थांबली नाही. "सवतीचा टाक घातला की सवतीचा नवरा तो आपला नवरा. आसंच ना? मग भावकी बसलीय ती बसलीच हाय, सांगा त्येंना, माजी बायको सायबाची. माजी पोरं बी सायबाची. लिवून घ्या. उद्या मी मेल्यावर मला बी देवात बसवू नका."

भिंतीकडच्या म्हाताऱ्यांनी टोप्या परत काढल्या.

"आवो, मी चंद्रव्वाला इतकी वर्सं घातलंय," गोजरबाई म्हणाली. आता ती हळू बोलत होती, फक्त त्यांच्याशी. "ते मी तुमची बायको हाय हे दाखवायला घातलं न्हाय. तिला जागा न्हाय म्हनून घातलंय. तुमी दुसरं लगीन करून मोकळं झालात. सासूबाई गेल्या. तिचं म्हायेर तिला इसारलं. तिला हितनं कुटं जायाचं हुतं? बजाकाकीनं बी तेच केलं. तिनं तर सवत नसताना केलं."

आबासाहेब तिच्या गळ्याकडे बघत होते. दोन टाकांतला एक त्यांच्या ओळखीचा होता. चाळीस वर्षं तो रोज समोर होता आणि त्यांनी कधी तो हातात घेऊन बघितला नव्हता. चंद्रव्वाचं नाव या घरात पुरुषाच्या तोंडून येत नसे. ते एकदा तिचं नाव घ्यायला गेले, पण ओठ नुसतेच हलले. मग ते खाली बसले.

तोवर जोतिराम आत्याच्या पायाशी येऊन बसला होता आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता.

आबासाहेबांनी लाल फडकं परत उघडलं. टाक हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवून बघितला.

"मेंढरू बरं काडलंय," ते म्हणाले.

त्यांनी भंडाऱ्यात बोट बुडवलं. सिदूच्या कपाळाला लावलं, मग मेंढरालाही लावलं. देव्हाऱ्यापुढं जाऊन त्यांनी बजाबाईचा टाक थोडा डावीकडे सरकवला आणि त्या जागेत सिदूला ठेवलं. ठेवल्यावर लगेच हात मागं घेतला नाही.

"बजाकाकी," ते म्हणाले, "घे तुजं पोरगं."

जोतिराम रडला. सयाजी कारखान्यात फोन करायला म्हणून बाहेर गेला आणि आबासाहेबांच्या गाडीच्या मागं उभा राहून रडला.

*

पंगत बसली तेव्हा गोजरबाईनं नेहमीप्रमाणे पहिला घास काढून पानाच्या कडेला ठेवला. मग दुसरा काढायला गेली आणि थांबली.

"अक्का," तिनं विचारलं, "चंद्रव्वाला पुरणपोळी चालती, मला ठावं हाय. हिला काय आवडायचं?"

केराबाईचा घास हातातच राहिला. बंदर सोडल्यापासून आजवर हे तिला कुणी विचारलं नव्हतं. एडनचं सगळ्यांनी सगळं विचारलं होतं, साहेब कसला होता, त्याच्या घरात कोण कुठं झोपायचं. हे सांगायची वेळच कधी आली नाही, आणि आपण स्वतःही ते विसरलो असू, असं तिला वाटत होतं.

"च्या," ती म्हणाली. "बिनदुधाचा. लिंबू पिळून."

"बिनदुधाचा?"

"दुधाला वास यायचा ना मासळीचा." आणि मग पंच्याऐंशी ओलांडलेल्या त्या बाईच्या तोंडून हुंदका आला, एवढा मोठा की पंगतीतले सगळे तिच्याकडे बघायला लागले.

पूनमनं गॅसवर पाणी ठेवलं. शेजारच्या बंगल्यातनं लिंबू आणलं. चहा झाला तसा गोजरबाईनं कप उचलून आधी गळ्याशी नेला आणि मग केराबाईच्या पुढ्यात ठेवला.

"तिनं घेतला," ती म्हणाली. "आता तुमी घ्या."